जुनी चेनसॉ घेताय? आधी सायलेन्सर काढा

चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी लाकूड कापायची मशीन, ती बघायला जायच्या आधीच मालकाला सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका, थंडच पाहिजे, कारण गरम इंजिन कसंही चालू होतं, खरी परीक्षा थंड स्टार्टलाच. मग स्टार्टरची दोरी धरून मशीन हवेत लटकवून बघा, कॉम्प्रेशन (पिस्टन आतली हवा किती जोरात दाबतो ते) चांगलं असेल तर अडखळत अडखळत खाली येते, सरसर आली की समजायचं आत काहीतरी गडबड आहे.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सायलेन्सर. दोन-तीन बोल्ट काढायचे, एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जायच्या) भोकातून टॉर्च मारायचा आणि दोरी हळूच ओढत पिस्टन बघायचा. गुळगुळीत चकचकीत असेल तर उत्तम, उभे ओरखडे दिसले तर बहुतेक ऑइल न घालता नुसतं पेट्रोल टाकून चालवलीये, नाहीतर कुठून तरी हवा खेचतीये. मालक नको म्हणाला ना, सरळ निघून या!

बंद पडलेल्या मशीनला घाबरू नका हं, बऱ्याचदा कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) कडक झालेला असतो किंवा इंधनाची नळी चिरलेली असते, दोन्ही स्वस्तात होतं. फक्त ओरखडलेल्या इंजिनात नवीन पिस्टन टाकायच्या आधी हवा कुठून शिरतीये ते शोधा, क्रँकचे (इंजिनातल्या फिरत्या दांड्याचे) सील, इनटेकचा (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारा) रबर, सगळं प्रेशर टेस्ट करून, म्हणजे आत हवा भरून गळती बघून, नाहीतर नवाही तसाच जाणार.

चेन ब्रेक (चालती चेन झटक्यात थांबवणारा) लागत नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत लाकडाला हातच लावायचा नाही. आणि संग्रह करायचा असेल तर ज्याचे पार्ट अजून मिळतात असंच मॉडेल आधी धरा, होमलाइट, मॅककुलक अशा कंपन्यांच्या जुन्या चेनसॉ नंतर.