शाळेतील छळ आणि सूड यांवरची भयकथा विदर्भातील खेड्यात घडवायची आहे. ती परिणामकारक कशी होईल?

आपल्या आराखड्यात छळ सोसलेला मुलगा विहिरीत जीव देतो आणि त्याचे भूत त्याला छळणाऱ्या चौघांना एकेक करून मारते. माझ्या मते अशा हत्यांनी भय वाढत नाही. पुढचा नंबर कोणाचा, एवढीच उत्सुकता उरते. सुडाला छळाचेच रूप द्यावे.

त्यासाठी पोळ्याइतका योग्य प्रसंग नाही. पोळा पिठोरी अमावस्येला येतो, म्हणजे रात्र काळोखी. नागपूरकडच्या खेड्यांत त्या दिवशी दाराशी पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुले ते उचलून, ‘ईडा पिडा, खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत शिवेबाहेर टाकून येतात. मारबत म्हणजे गावाची रोगराई सोबत घेऊन जाते असे मानले जाणारे पीडेचे रूप. आता अंगावर खरूज उठलेला सातवीतला एक मुलगा घ्या. वर्गातली मुले हापशीवर, खिचडीच्या रांगेत, तो दिसला की रोगाऐवजी त्याचे नाव घालून हीच आरोळी ठोकतात. तो मागे उभा राहिला की पुढचा मुलगा आपले ताट सदऱ्याने पुसतो. गुरुजींना सारे ऐकू येते आणि ते हजेरी घेत राहतात. निम्मी कथा इथेच खर्च करा, कारण त्या मुलाची लाज वाचकाला जाणवली नाही तर पुढचे भूत कागदीच राहते.

त्याचे मरण एका ओळीत सांगा, तेही मण्यार चावून. आत्महत्येला सुडाची वाट म्हणून कृपया दाखवू नका. वाचकांत तसाच छळ सोसणारी मुले असतात.

पुढच्या पोळ्यानंतरच्या पहाटे मुले शिवेवर ओरडतात, तेव्हा धुऱ्यापलीकडच्या (शेताच्या बांधापलीकडच्या) कंबरभर पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून, तीच आरोळी उलट येते आणि तिच्यात म्होरक्याचे नाव असते. कोणी मरत नाही. मात्र त्या दिवसापासून त्याच्या शेजारी कोणी बसत नाही, आई त्याचे ताट वेगळे ठेवू लागते आणि आपण असे का करतो हे तिलाही सांगता येत नाही. हजेरीत गुरुजी त्याचे नाव वगळून पुढे जातात. भूत एकदाही दाखवू नका.

कथा ताट पुसणाऱ्या मुलाच्या तोंडून सांगा. त्याने कधी हात उचललेला नसतो, त्यामुळे पुढच्या वर्षी आपले नाव येईल की नाही, हे त्याला ठरवता येत नाही.