साठी ओलांडलेल्या आई-बाबांना खीरगंगेच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेता येईल का?

नेता येईल, पण त्याच दिवशी खाली उतरायचा बेत असेल तर नेऊ नका. तुमचे बाबा रोज फिरायला जातात आणि आईचे गुडघे अधूनमधून दुखतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्या दोघांचा विचार करूनच सांगते.

खीरगंगा हिमाचल प्रदेशातल्या पार्वती खोऱ्यात, डोंगरावर आहे. कुल्लूजवळच्या भुंतरहून कसोल, मणिकरण करत बस बर्शेणीपर्यंत जाते. पुढे फक्त पायवाट. अंतर साधारण बारा किलोमीटर, कुंड सुमारे २,९५० मीटरवर. तरुण मुलं चार-पाच तासांत पोचतात, आई-बाबांसाठी सहा-सात तास धरा. कलगा गावावरून जाणारी वाट दाट जंगलातली आणि देखणी आहे, पण तिच्यावर वस्ती नाही आणि चकवाही बसतो. तुम्ही नकथान गावाची वाट धरा. गाव लागतं, चहा मिळतो, बसायला जागा मिळते. रुद्रनागच्या धबधब्यापर्यंत चाल सोपी आहे. तिथून पूल ओलांडला की देवदारांच्या जंगलातली खडी चढण सुरू होते आणि खरा दम तिथेच लागतो. आईंना काठी हवीच. चढण्यापेक्षा मुळं-दगडांवरून उतरताना गुडघे जास्त बोलतात.

वर पोचल्याबरोबर पाण्यात उतरू नका. आधी गरम काहीतरी प्या, तासभर बसा. पुरुषांचं कुंड उघड्यावर, समोर डोंगररांगा. बायकांचं वेगळं, आडोशाचं. साबण चालत नाही. आधी धारेखाली अंग धुवायचं, मग कुंडात उतरायचं. पाण्यात साईसारखे पांढरट तंतू दिसतील, ती घाण नव्हे. कार्तिकेयाने इथे तप केलं अशी कथा आहे आणि लोक कुंडाला तीर्थ मानतात, तेव्हा वागणंही तसंच ठेवावं. तिथे दारूच्या बाटल्या घेऊन बसलेली टोळकी पाहिली की मला फार वाईट वाटतं.

बाबांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात उंचीवरची विरळ हवा. आधी पाय सोडून काठावर बसायचं, मग आत दहा मिनिटं, बाहेर येऊन पाणी प्यायचं, हवं तर पुन्हा उतरायचं. बाहेर पडताच अंग कोरडं करून कानटोपी घाला.

मला विचाराल तर पहाटेची वेळ सर्वांत चांगली. गर्दी नसते, हवा बोचरी असते आणि गळ्यापर्यंत ऊन पाणी. हे पाणी तापण्याशी ज्वालामुखीचा संबंध नाही. पाऊस-बर्फाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. ते पाणी अंगावर घेताना हा एवढा प्रवास आठवला की मी तर हातच जोडते.

मुक्कामाचं मात्र आधी विचारून घ्या. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वरचे तंबू हटवले होते. त्यामुळे सध्या काय चालतं याची चौकशी बर्शेणीतच करून मग चढा. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, तेव्हा आई-बाबांना घेऊन त्या खोऱ्यात जाऊच नये.

आणि आईंचा धीर होत नसेल तर ओढाताण करू नका. आमच्या घरी आई गुडघ्याला पट्टा बांधून वर आली, बाबा मणिकरणला राहिले आणि दोघंही खूश होते. मणिकरणला थेट गाडी जाते, गुरुद्वाऱ्यात नाहायची सोय आहे आणि उकळत्या कुंडात कापडी पुरचुंडी सोडून तांदूळ शिजवतात ते बघायला मिळतं. मनालीजवळचं वशिष्ठही गाडीरस्त्यावर आहे, तिथेही बायकांसाठी वेगळं कुंड आहे. वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्या आई-बाबांना ही दोन्ही ठिकाणं मनापासून आवडतील.