रिपोर्ट सारखा, दुखणं वेगळं

प्रश्न : आम्ही मूळचे चंद्रपूरकडचे. यजमान वीज कंपनीत आहेत, त्यांच्या बदलीमुळे साताऱ्यात आलो. दोन्ही मुलांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, दोघांचाही एसएस पॅटर्न, म्हणजे आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेलं. आम्ही नवराबायको दोघंही वाहक. थोरला एकोणीस वर्षांचा, कॉलेजला जातो, वर्षाकाठी एखाद्या वेळी पाय दुखले तर दुखले. धाकटा दहावीत आहे. त्याची कंबर, मांड्या, कधी छाती दर महिन्या-दोन महिन्यांनी दुखून येते आणि रात्र रात्र कण्हत काढतो. थंडीत तर विचारूच नका. नवल म्हणजे थोरल्याचं हिमोग्लोबिन 8 आणि धाकट्याचं 10 असतं. एचपीएलसीच्या, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर थोरल्याचं एफ 23 टक्के, धाकट्याचं 11. शाळेत म्हणतात, परीक्षा आली की याचं दुखणं येतं. एका दवाखान्यात सांगितलं की हिमोग्लोबिन चांगलं आहे, उगाच इंजेक्शनची सवय लावू नका. सासूबाई म्हणतात, थोरला नाही का सहन करत? ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीने उतार पडत नाही, असं तो सांगतो. तो नाटक करतो का? जनुकांची एखादी तपासणी करून खरंखोटं कळेल का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, तो नाटक करत नाही. हे मी त्याला न पाहता लिहिते आहे, कारण तुम्ही पाठवलेले चार आकडेच त्याच्या बाजूने बोलतात. कऱ्हाडला येण्याआधी मी बरीच वर्षं गडचिरोलीकडे काम केलं. तिथे एका घरातली दोन सिकलसेलग्रस्त भावंडं आणि दोघांचं दुखणं अगदी निराळं, हे आम्हाला नेहमीचं होतं. आपल्या सातारा-सांगलीकडे हा आजार कमी दिसतो, त्यामुळे अशा मुलावर अविश्वास दाखवला जातो. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आधी दोघांत सारखं काय ते पाहू. सिकलसेलचा दोष अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो, तिथलं एकच अक्षर बदललेलं असतं. तुमच्याकडे या जनुकाची एक प्रत चांगली आणि एक एसची, म्हणजे सिकलसेलची, यजमानांचंही तसंच. दोन्ही मुलांनी तुमची एसची प्रत घेतली आणि वडिलांचीही एसचीच घेतली. म्हणजे गुणसूत्राच्या त्या तुकड्यापुरते दोघं भाऊ जवळजवळ एकमेकांची नक्कल आहेत. एसएस पॅटर्नचा रिपोर्ट बघतो तो फक्त हा तुकडा. उरलेल्या बावीस जोड्यांमधून कुणाच्या वाट्याला काय आलं, ते त्या कागदावर दिसत नाही. तुमच्या मुलांमधला फरक बहुतेक तिथेच आहे.

त्यातला एक भाग तुमच्या हातात आहे, तो म्हणजे एफ. हे बाळाचं हिमोग्लोबिन. आईच्या पोटात असताना तेच रक्तात असतं, जन्मानंतर हळूहळू ओसरतं. ऑक्सिजन सुटला की एसचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. एफ त्या दोऱ्यात सामील होत नाही, उलट तो वाढू देत नाही. भारतातल्या बहुतेक सिकलसेल रुग्णांचं एफ आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त असतं, कारण आपल्याकडचा एस ज्या वळणाचा आहे त्याच्यासोबतच ते येतं. तेवढं दोन्ही भावांना मिळालं. पण जन्मानंतर एफ किती टिकायचं हे ठरवणारी इतर जनुकं आहेत. दुसऱ्या गुणसूत्रावरचं बीसीएल11ए हे त्यातलं मोठं, शिवाय सहाव्या गुणसूत्रावरही एक जागा आहे. या ठिकाणी थोरल्याला एक वाटा मिळाला असेल, धाकट्याला दुसरा. 23 आणि 11 यांत तो फरक दिसतो.

आता 8 आणि 10. सगळ्यांची फसगत इथेच होते. 1991 मध्ये अमेरिकेत साडेतीन हजारांहून अधिक सिकलसेल रुग्णांच्या दुखण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं एफ कमी आणि रक्तात लाल पेशींचं प्रमाण जास्त, त्यांना क्रायसिस, म्हणजे रक्तवाहिन्या तुंबून येणारे दुखण्याचे झटके, जास्त, असं त्यात निघालं. रक्त दाट असलं की तुंबायला सोपं जातं. म्हणून दहाचं हिमोग्लोबिन बघून ‘याला काय धाड भरली आहे’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. काही मुलांमध्ये यामागे सोळाव्या गुणसूत्रावरचा अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोषही असतो. त्याने लाल पेशी कमी फुटतात, हिमोग्लोबिन वाढतं, पण दुखणं कमी होतंच असं नाही, आणि खुब्याचं हाड झिजण्याचा धोका वाढतो. याच अभ्यासात 39 टक्के रुग्णांना वर्षात एकदाही क्रायसिस आली नव्हती, आणि जेमतेम 5 टक्के रुग्णांच्या वाट्याला एकूण क्रायसिसपैकी एकतृतीयांश आल्या होत्या. सासूबाईंना हे दोन आकडे जरूर सांगा. थोरला सहन करतो असं नाही, त्याला मुळात तेवढं होतच नाही.

रक्तापलीकडे मज्जातंतू आहेत. वेदना मेंदूपर्यंत कशी पोचते आणि तिथे किती जाणवते, हेही जनुकं काही अंशी ठरवतात. चौदाव्या गुणसूत्रावरच्या जीसीएच1 या जनुकाचा एक प्रकार आफ्रिकी वंशाच्या सिकलसेल रुग्णांमध्ये वारंवार येणाऱ्या क्रायसिसशी जोडला गेला आहे. बाविसाव्या गुणसूत्रावरच्या सीओएमटी या जनुकावरही काम झालं आहे. यांचा एकेकट्याचा वाटा लहान असतो. पण वर्षानुवर्षं क्रायसिस येत राहिल्या की मज्जासंस्थाच हुळहुळी होते. पोळलेल्या जागेवर कोमट पाणीही भाजतं, तसं. 2008 साली अमेरिकेत मोठ्या रुग्णांनी रोज लिहिलेल्या वेदनेच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, त्यात निम्म्याहून अधिक दिवस दुखण्याचे होते, आणि त्यातले बहुतेक दिवस दवाखान्याची पायरी न चढता घरीच काढलेले.

ट्रॅमाडॉलबद्दल तो म्हणतो ते पूर्ण शक्य आहे. हे औषध आणि कोडीन हे दुसरं वेदनाशामक, दोन्ही यकृतातल्या सीवायपी2डी6 नावाच्या एन्झाइमने बदलल्यावरच नीट काम करतात. काहींच्यात हे एन्झाइम जन्मतः मंद असतं, त्यांना गोळीचा उपयोग जवळपास होत नाही. काहींच्यात फार वेगवान असतं, त्यांना नेहमीचा डोसही धोक्याचा ठरतो. म्हणून ‘उतार पडत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला व्यसनी ठरवू नये आणि घरच्या घरी गोळ्याही वाढवू नयेत. डॉक्टरांना दुसरं औषध विचारा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. वेदना खरी की खोटी हे सांगणारी जनुकतपासणी नाही, आणि त्यावर पैसे घालवू नका. जनुकं सारं ठरवतही नाहीत. जमैकात सिकलसेल असलेल्या एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास झाला. त्यांची जनुकं तीच, एफही जवळपास सारखं, तरी दुखण्याच्या क्रायसिस एकाला कमी, दुसऱ्याला जास्त. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, जागरण, मनावरचा ताण यांनी क्रायसिस ओढवते. परीक्षेच्या वेळी दुखतं ते यामुळेही असेल, शाळेत हे सांगा. डिसेंबरातल्या पहाटेच्या कवायतीतून त्याला सूट मागा, संगम माहुलीला नदीत डुंबायला पाठवू नका, महाबळेश्वरच्या सहलीला गेलाच तर अंगभर लोकरीचे कपडे आणि पाण्याची बाटली सोबत हवी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्याचं प्रमाणपत्र काढा आणि दहावीच्या सवलतींसाठी मुख्याध्यापकांना आत्ताच भेटा.

सगळ्यात महत्त्वाचं, धाकट्याला हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का? पत्रात उल्लेख नाही. हे औषध एफ वाढवतं. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या रुग्णांच्या क्रायसिस त्याने जवळजवळ निम्म्यावर आल्या. रोज घ्यावं लागतं, ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं आणि परिणाम दिसायला काही महिने जातात. नसेल तर रक्तविकारतज्ज्ञांकडे हाच विषय आधी काढा. त्यांच्याकडून एक चिठ्ठीही लिहून घ्या : आजार कोणता, क्रायसिसमध्ये कोणतं औषध लागू पडतं, किती द्यायचं. ती मुलाच्या फोनमध्ये ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता नव्या डॉक्टरांपुढे त्याला स्वतःची बाजू मांडत बसावं लागणार नाही. छातीत दुखून धाप लागली किंवा ताप 38.5 अंशांवर गेला, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि थोरल्यालाही सोबत न्या. दुखत नाही म्हणून त्याचे डोळे, मूत्रपिंडं आणि खुबे सुरक्षित आहेत असं होत नाही. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा तपासून घ्या, हायड्रॉक्सियुरियाबद्दल त्याच्यासाठीही विचारा, आणि दोघांचं न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धचं लसीकरण झालं आहे का ते त्याच भेटीत बघा.