पाकळीच्या लांबीत 2.45 आला कोठून?

प्रश्न : अभ्यासासाठी मी आयरिस या फुलझाडाच्या 150 फुलांच्या नोंदींवर सायकिट-लर्न (पायथन भाषेतील मशीन लर्निंगची लायब्ररी) वापरून निर्णयवृक्ष (मापांवर एकेक प्रश्न विचारत फुलाची जात ठरवणारी रचना) तयार केला. पहिले विभाजन ‘पाकळीची लांबी 2.45 सेंमी किंवा त्याहून कमी’ असे आले, पण 2.45 लांबीचे एकही फूल नोंदींत नाही. तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवल्यावर ‘पाकळीची रुंदी 0.8’ असे आले. यातले खरे कोणते?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : दोन्ही खरी आहेत. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1936 मध्ये वापरलेल्या या नोंदींत सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन जातींची प्रत्येकी 50 फुले आहेत आणि मापे मिलिमीटरपर्यंतच घेतलेली आहेत, त्यामुळे 2.45 हे माप त्यांत सापडणारच नाही. पाकळीच्या लांबीची वेगवेगळी मूल्ये 43 आहेत. ती चढत्या क्रमाने मांडली, की शेजारच्या दोन मूल्यांमध्ये एक अशा 42 जागा मिळतात आणि संगणक त्या सगळ्या तपासतो. दर जागी मोजणी पहिल्यापासून करावी लागत नाही. एकेक फूल उजव्या गटातून डाव्या गटात सरकते आणि जातवार संख्या तेवढ्याच बदलतात. म्हणून संगणकाचा खरा वेळ जातो तो क्रम लावण्यातच.

प्रत्येक जागेचा कस गिनी निर्देशांकाने लावतात. गटातून एक फूल उचलून, पाहून परत ठेवले आणि पुन्हा एक उचलले, तर दोन्ही वेगळ्या जातींची निघण्याची शक्यता म्हणजे हा निर्देशांक. तो जितका कमी, तितका गट एकजिनसी. सुरुवातीला तो 0.667 असतो. 1.8 वर छेद दिला, तर सेटोसाची दोन फुले पलीकडे राहतात आणि दोन्ही गटांच्या निर्देशांकांची (फुलांच्या संख्येनुसार) भारित सरासरी 0.353 येते, 3.15 वर दिला, तर व्हर्सिकलरचे एक फूल अलीकडे येते आणि ती 0.343 होते. या दोन्हींच्या मधल्या जागी, म्हणजे 2.45 वर, मात्र डावीकडे सेटोसाची 50 च्या 50 फुले आणि उजवीकडे उरलेल्या दोन जाती निम्म्या-निम्म्या राहतात, म्हणून सरासरी 0.333 पर्यंत उतरते. सेटोसाची सर्वांत लांब पाकळी 1.9 ची, तर इतरांची सर्वांत आखूड 3.0 ची, 2.45 हा त्यांचा निव्वळ मध्य. तिथे 2.1 किंवा 2.8 घेतले असते, तरी या 150 फुलांची वाटणी तसूभरही बदलली नसती.

रुंदीचेही तसेच : 0.6 आणि 1.0 यांचा मध्य 0.8, आणि वाटणी अगदी तीच. सायकिट-लर्न प्रत्येक विभाजनाच्या वेळी स्तंभांचा (म्हणजे लांबी, रुंदी अशा मापांचा) क्रम यादृच्छिकपणे बदलते, त्यामुळे अशी बरोबरी झाली की कधी हा स्तंभ पुढे येतो, कधी तो. ही यादृच्छिकता ठरवणाऱ्या ‘रँडम स्टेट’ या सेटिंगला ठरावीक संख्या दिलीत, की उत्तर स्थिर राहील, पण तेवढ्याने ते अधिक खरे होत नाही. उद्या 2.2 लांबीची आणि 0.9 रुंदीची पाकळी समोर आली, तर तुमच्या एका वृक्षात ती सेटोसा ठरेल, दुसऱ्यात नाही.