शंखातल्या खेकड्यांचं जेवण

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी दोन हर्मिट क्रॅब आणले. दुकानातल्या गोळ्यांना ते शिवतही नाहीत. काय द्यावं? – एक आई, दादर

उत्तर : ताई, घरचंच द्या. माझ्याकडचे ओल्या खोबऱ्यावर तुटून पडतात. इवल्या नांगीने कीस चिमटीत धरून तोंडाशी नेताना बघत राहावंसं वाटतं. पपई, गाजर, बिनमिठाची उकडलेली कोळंबी सालासकट द्या. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, कुटून वर भुरभुरवा. कात टाकणाऱ्या जिवाला कॅल्शियम हवंच! खारवलेला जवळा मात्र नको. ते रात्री खातात, म्हणून ताटली दिवेलागणीला ठेवा, सकाळी उचला. मुंबईच्या दमट हवेत बुरशी लगेच धरते. गोड्या पाण्याशेजारी खाऱ्या पाण्याचीही वाटी हवी, पण मत्स्यालयाच्या समुद्री मिठाची. स्वयंपाकाचं मीठ अजिबात वापरू नका.