पोटातले बॅक्टेरिया बघून क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याला सूज आणणाऱ्या आजारांचं औषध लागू पडेल का हे आधीच कळतं का?

थोडंफार कळतं, पण अजून डॉक्टरनी त्यावरून औषध ठरवावं इतकं नाही. 2017 मध्ये या आजारांवरच्या वेडोलिझुमॅब या औषधावर अभ्यास झाला होता, त्यात क्रोन्सच्या ज्या पेशंटना 14 व्या आठवड्यात आराम पडला त्यांच्या शौचात औषध सुरू व्हायच्या आधीपासूनच रोझबुरियासारखे ब्युटिरेट बनवणारे बॅक्टेरिया जास्त होते, आणि ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. अडचण अशी की आहार, अँटिबायोटिक्स, आजाराचा जोर, सगळ्यानेच हे बॅक्टेरिया बदलतात आणि एका गटात जमलेलं गणित दुसऱ्या गटात चुकतं. म्हणून महागडी मायक्रोबायोम टेस्ट (आतड्यातल्या बॅक्टेरियांची तपासणी) करून त्या रिपोर्टवर औषध बदलू नका प्लीज, औषध काम करतंय का हे बघायला सध्या कॅलप्रोटेक्टिन (शौचातून आतड्याची सूज ओळखणारी टेस्ट) आणि कोलोनोस्कोपीच जास्त भरवशाची.