प्लगजवळ की प्लगपासून दूर?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि तंत्र

प्रश्न : मी अकोल्यातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. माझा सध्याचा लॅपटॉप सात वर्षांचा झाला असून आता तो बदलणे भाग आहे. दुकानात दोन लॅपटॉप पसंत पडले. दोन्ही चौदा इंची असून दोन्हींत ३२ जीबी रॅम आणि ७५ वॅट-तासांची बॅटरी आहे, आणि किमतीतही फारसे अंतर नाही. एकात इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही, तर दुसऱ्यात एएमडीचा रायझन एआय ९ एचएक्स ३७० हा प्रोसेसर आहे. ‘आठ कोअरपेक्षा बारा कोअर केव्हाही चांगले,’ असे दुकानदाराचे म्हणणे पडले. माझे काम म्हणजे आर आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषांमधील सिम्युलेशन, फोनवर टिपलेल्या व्याख्यानांच्या व्हिडिओंचे संपादन आणि नेहमीचे लेखन. महिन्यातून दोनदा रेल्वेने नागपूरला जाते. चिरंजीव सुट्टीत गेम खेळतात. कोणता घ्यावा?

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे चुकीचे नाही, पण अर्धे आहे. हे दोन्ही प्रोसेसर २०२४ साली अवघ्या दोन-एक महिन्यांच्या अंतराने बाजारात आले, दोन्ही महागड्या आणि सडपातळ लॅपटॉपांत बसतात, आणि म्हणूनच ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजले जातात. प्रत्यक्षात त्यांच्या निर्मात्यांनी वेगवेगळे प्रश्न सोडवायला घेतले होते. मिळेल त्या विजेत जास्तीत जास्त काम कसे उरकावे, हा एएमडीचा प्रश्न होता, तर काम थोडे असताना वीज कमीत कमी कशी लागेल, हा इंटेलचा. आपण लॅपटॉप प्लगजवळ बसून किती वापरता आणि प्लगपासून दूर किती, याचे उत्तर आधी स्वतःशी काढावे. कोअरची संख्या त्यानंतर पाहावी.

कोअरपासूनच, म्हणजे प्रोसेसरमधील प्रत्यक्ष गणन करणाऱ्या भागांपासूनच, सुरुवात करू. एचएक्स ३७० मध्ये चार मोठे ‘झेन ५’ आणि आठ आटोपशीर ‘झेन ५सी’ असे बारा कोअर असून प्रत्येक कोअर दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी कामाचे दोन धागे, चालवतो, त्यामुळे एकूण २४ थ्रेड मिळतात. मोठे कोअर ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. आटोपशीर कोअर तेच आदेश तशाच पद्धतीने पाळतात, परंतु त्यांचा वेग ३.३ गिगाहर्ट्झवर थांबतो आणि त्या आठ जणांना मिळून ८ एमबी कॅशमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या, वेगवान स्मृतीत) भागवावे लागते, तर चार मोठ्यांच्या वाट्याला १६ एमबी येते. म्हणजे पंक्ती दोन आहेत, आणि वाढप सारखे नाही. २५८व्ही मध्ये चार मोठे आणि चार छोटे कोअर असून थ्रेडही आठच, कारण एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची जुनी सोय इंटेलने या चिपमधून काढून टाकली. त्याचा कमाल वेग ४.८ गिगाहर्ट्झ आहे.

एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात या दोघांत फरक जाणवत नाही. साधा आर प्रोग्रॅम मुळात एकाच थ्रेडवर चालतो, हे आपण जाणताच; त्यामुळे एखादे प्रतिमान (मॉडेल) बसवणे, आलेख काढणे, दस्तऐवज उघडणे यांसाठी बारा कोअर घेऊन काहीही साधत नाही. मात्र आपली सिम्युलेशन समांतर चालत असतील, म्हणजे तोच प्रयोग हजारो वेळा वेगवेगळ्या कोअरवर वाटून दिलेला असेल, तर एचएक्स ३७० ची सरशी निर्विवाद आहे. पुरेशी वीज आणि चांगले शीतकरण मिळाल्यास सर्व कोअर गुंतवणाऱ्या कामात तो २५८व्हीच्या सुमारे दीडपट, कधी त्याहूनही अधिक काम करतो. रात्रभर चालणारी गणिते असतील, तर हा फरक पहाटे कळतो.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती जाहिरातीत नसते. समांतर चालवलेल्या प्रत्येक प्रक्रियेला बहुधा विदेची (डेटाची) स्वतःची प्रत लागते. एका प्रतीला दीड जीबी जागा लागते असे धरले, तर वीस प्रक्रियांना तीस जीबी लागेल आणि आपली ३२ जीबी रॅम तेथेच संपेल. चोवीस थ्रेड पोसायचे असतील तर रॅमचा शिधाही त्याच मापाने भरावा लागतो. २५८व्ही मध्ये हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटतो, किंवा सुटत नाही असे म्हणा, कारण त्याची ३२ जीबी रॅम प्रोसेसरच्याच वेष्टनात बसवलेली असते आणि ती पुढे कोणत्याही कारागिराला वाढवता येत नाही. एचएक्स ३७० चे बहुतेक सडपातळ लॅपटॉपही रॅम मदरबोर्डावर झाळूनच देतात, परंतु निदान खरेदीच्या वेळी अधिक रॅम असलेला नमुना निवडण्याची शक्यता असते.

आता विजेकडे वळू. २५८व्हीची पायाभूत वीजमर्यादा १७ वॅट असून थोड्या वेळासाठी तो ३७ वॅटपर्यंत जातो. एचएक्स ३७० ची ठरावीक वीजमर्यादा २८ वॅट असली, तरी लॅपटॉप बनवणारी कंपनी ती १५ ते ५४ वॅटच्या दरम्यान कोठेही ठेवू शकते. इंटेलची खरी करामत मात्र या कमाल आकड्यांत नसून किमान खर्चात आहे. त्याचे चार छोटे कोअर मोठ्या कोअरच्या वस्तीपासून वेगळे, स्वतःच्या बेटावर राहतात. आपण टंकलेखन करत असता किंवा व्हिडिओ पाहत असता तेव्हा काम या बेटावरच उरकते आणि मोठ्या कोअरचा सगळा वाडा दिवे मालवून झोपलेला असतो. रॅम शेजारीच असल्याने तिथपर्यंत विदा पोचवण्याचा वीजखर्चही कमी होतो. शिवाय गणन करणारा मुख्य भाग तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या ३ नॅनोमीटर या अधिक सूक्ष्म प्रक्रियेवर घडवलेला आहे, तर एचएक्स ३७० त्याच कंपनीच्या ४ नॅनोमीटर प्रक्रियेवर. इंटेलने स्वतःच्या इतक्या महत्त्वाच्या चिपचा गाभा दुसऱ्याच्या कारखान्यातून करून घ्यावा, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर मी हसलो असतो.

हिशेब साधा आहे. ७५ वॅट-तासांच्या बॅटरीवर संपूर्ण लॅपटॉप, पडद्यासकट, सरासरी ७ वॅट खात असेल तर तो साडेदहा तासांहून थोडा अधिक चालेल. १० वॅट खात असेल तर साडेसात तास. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हलक्या कामातील दोन-तीन वॅटांचा फरक दिवसाच्या शेवटी किती मोठा होतो ते त्यांतून दिसेल. नेमक्या याच हलक्या कामात २५८व्ही पुढे राहतो. चार्जर काढल्यावर त्याचा वेगही सामान्यतः कमी ढळतो. जड कामाचा न्याय मात्र निराळा आहे. समजा, एक काम एका प्रोसेसरने २८ वॅटवर अर्ध्या तासात केले आणि दुसऱ्याने ४२ वॅटवर वीस मिनिटांत. दोघांनीही १४ वॅट-तासच खर्च केले. तेव्हा जास्त वॅट खाणारा तो उधळ्या, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

ग्राफिक्सबाबत थोडक्यात सांगतो. एचएक्स ३७० मध्ये १६ गणन-एकके असलेला रेडिऑन ८९०एम आहे, तर २५८व्ही मध्ये ८ एक्सई कोअर असलेला आर्क १४०व्ही. सोळा आणि आठ या आकड्यांची तुलना म्हणजे शेर आणि लिटर यांची तुलना. दोन्ही कंपन्यांची एकके वेगळी आहेत. दोघांनाही स्वतंत्र ग्राफिक्स स्मृती नसून मुख्य रॅममधूनच भागवावे लागते, आणि तेथे २५८व्हीची रॅम सेकंदाला सुमारे १३६ जीबी विदा पुरवते, तर ७५०० च्या वेगाच्या रॅमसह एचएक्स ३७० ला १२० जीबी मिळते. परिणामी कमी विजेत आर्क पुढे राहतो, भरपूर वीज मिळाल्यावर रेडिऑन त्याला गाठतो किंवा गेमनुसार मागे टाकतो. चिरंजिवांना १०८० पिक्सेलच्या पडद्यावर मध्यम दर्जाची दृश्ये चालणार असतील तर दोन्ही पुरेसे आहेत. गेम जुने असतील तर मी रेडिऑनकडे झुकेन, कारण जुन्या गेमच्या बाबतीत इंटेलचे ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारे सॉफ्टवेअर) सुधारले असले तरी त्यांचा पूर्वेतिहास फारसा उजळ नाही. आपल्या फोनवरील व्याख्यानांचे व्हिडिओ दोघांनाही जड जाणार नाहीत. व्यावसायिक कॅमेऱ्यातील १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या अधिक रंगतपशिलाच्या प्रकारातील चित्रण असते तर मात्र इंटेल घ्या असे सांगितले असते, कारण तसे चित्रण उलगडण्याची खास यंत्रणा त्याच्याकडे आहे आणि या एएमडी चिपमध्ये नाही. पायथॉनमध्ये ग्राफिक्स चिपवर मोठी प्रतिमाने शिकवण्याचा विचार असेल, तर बहुतेक पाठ्यसामग्री एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स चिपसाठीची कूडा प्रणाली गृहीत धरते आणि ती या दोन्हींवर चालत नाही.

राहिला अकोल्याचा उन्हाळा. परीक्षणे बहुधा वातानुकूलित खोलीत होतात. बाहेर ४४ अंश असताना आणि खोलीत फक्त पंखा असताना सडपातळ लॅपटॉप ४५ वॅटची उष्णता फार वेळ बाहेर टाकू शकत नाही. मग प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि ज्या दीडपटीसाठी आपण पैसे मोजले ती एप्रिल-मेमध्ये आक्रसते. २५८व्ही मुळातच कमी तापत असल्याने त्याचे नुकसान कमी होते.

आपण लिहिलेल्या दिनक्रमावरून माझे मत २५८व्हीच्या बाजूने आहे. लेखन, वर्ग आणि रेल्वेप्रवास यांत चार्जर घरी ठेवता येणे हे रोजचे सुख आहे. मात्र आठवड्यातून तीन-चार वेळा तासन्‌तास चालणारी समांतर सिम्युलेशन घरच्या टेबलावर चालत असतील, तर एचएक्स ३७० घ्यावा, आणि तोही किंचित जाड, दोन पंख्यांचा पाहून.

प्रश्न : माझ्या आणि माझ्या मेव्हण्यांच्या लॅपटॉपमध्ये एचएक्स ३७० हाच प्रोसेसर आहे, पण त्यांचा लॅपटॉप तेच व्हिडिओ बरेच लवकर तयार करतो. माझ्या लॅपटॉपमध्ये दोष आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुधा नाही. वर सांगितल्याप्रमाणे या प्रोसेसरला १५ ते ५४ वॅटची मोकळीक आहे, आणि आपल्या कंपनीने लॅपटॉप पातळ व शांत ठेवण्यासाठी खालची मर्यादा निवडली असावी. दोन्ही लॅपटॉप मूळ चार्जरला जोडून, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील वेगाचा पर्याय सारखा ठेवून पुन्हा तुलना करावी. फोनचा चार्जर जोडून काम करत असाल तर उत्तर तेथेच सापडेल.

प्रश्न : रॅम बदलता येईल असाच एचएक्स ३७० चा लॅपटॉप मी शोधत आहे. त्यात काही तोटा आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : असे लॅपटॉप मोजके आहेत, आणि तोटा ग्राफिक्समध्ये आहे. बदलता येणारी डीडीआर५ रॅम या प्रोसेसरबरोबर ५६०० च्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला सुमारे ९० जीबी; झाळलेल्या रॅमच्या तीन-चतुर्थांश. गेम खेळत नसाल तर हा तोटा खुशाल पत्करावा, पण दोन्ही खाचांत एकेक पट्टी लावावी. एकच पट्टी लावल्यास हा वेग आणखी निम्मा होईल.

प्रश्न : एकाचा एनपीयू (एआयची कामे करणारा भाग) ५० टॉप्सचा (सेकंदाला ५० लाख कोटी क्रियांचा) आणि दुसऱ्याचा ४७ टॉप्सचा आहे. यावरून निवड करावी का? तसेच १६ जीबीचा इंटेल २५६व्ही स्वस्त मिळतो आहे, तो चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील आपल्या कोपायलट प्लस या एआय सुविधांसाठी ४० टॉप्सची अट ठेवली आहे. ती दोघेही ओलांडतात आणि त्यापुढील तीन टॉप्स आपल्याला कोठेही जाणवणार नाहीत. २५६व्ही मात्र घेऊ नये. तो आणि २५८व्ही यांतील मुख्य फरक रॅमचाच आहे, आणि पाच वर्षे वापरायच्या लॅपटॉपमध्ये कधीही न वाढणारी १६ जीबी रॅम, त्यातूनच ग्राफिक्सचाही वाटा जाणार असताना, मी स्वतः विकत घेणार नाही.